सोन्याचें माहेर

सन २०२२ च्या गुढीपाडव्यास, म्हणजे २ एप्रिल रोजीं, सायंकाळीं विदर्भाच्या आकाशांतून जळत्या निखाऱ्यांची एक लांबच लांब माळ सरकत गेली. आमच्या चांद्याकडील मंडळी सणाचें जेवण आटोपून अंगणांत बसली होती. कोणी तिला उल्का म्हणाले, कोणी धूमकेतु म्हणाले, आणि कांहींनीं नुसते हात जोडले. थोड्याच वेळांत बातमी आली कीं, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें आकाशांतून येऊन पडलें. व्यासानें तें दोन-तीन मीटर होतें. आसपासच्या शिवारांत धातूचा एक पोकळ गोळाही सांपडला. हे चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असें पुढें तज्ज्ञांनीं सांगितलें. परंतु त्यानंतर कित्येक दिवस माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकच विचारी, "गुरुजी, आकाशांतून धातु पडतो हें खरें काय?"

मी सांगत असें कीं, तें कडें आकाशांतून आलें हें खरें, पण तें मुळांत येथूनच वर गेलेलें होतें. खरोखर आकाशांतून आलेलें लोखंड पाहावयाचें असेल, तर स्वयंपाकघरांत जाऊन विळी पाहा. आणि आकाशांतून आलेलें सोनें पाहावयाचें असेल, तर घरांतील सुनेच्या गळ्यांतील मंगळसूत्र पाहा. मंडळी ही थट्टा समजून हंसत आणि चहा घेऊन जात.

मला मात्र या प्रश्नानें जुनी आठवण होई. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एटापल्ली तालुक्यांतील एका शाळेवर मी होतों. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृताचें अध्ययन घरीं वडिलांपाशीं झालेलें. शास्त्र हा विषय दुसरा शिक्षक नाहीं म्हणून माझ्या अंगावर आलेला. एके दिवशीं खनिजांचा धडा चालू असतां एक माडिया मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, सुरजागडात लोहा आला कुठून जी?" मीं उत्तर दिलें, "पृथ्वीच्या पोटांतून." त्यानें लगेच विचारलें, "आन् पोटात?" मीं त्यास खालीं बसावयास सांगितलें. प्रश्न शहाणपणाचा होता आणि उत्तर मला येत नव्हतें, हें त्या मुलासही कळलें असावें.

खरें म्हणजे हा प्रश्न आमच्याच मुलुखांत निघावयाचा. १९८२ सालीं जुन्या चांद्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. भूगर्भाला त्या वांटणीची वार्ता नाहीं. बल्लारपूर-घुगूसकडे दगडी कोळसा आहे. आरमोरी तालुक्यांतील वैरागडास एके काळीं हिऱ्यांची खाण होती व तिचा उल्लेख ‘ऐने अकबरी’मध्यें आहे. पोंभुर्णा तालुक्यांत ठाणेवासना येथें तांबें आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांत नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेंचणारी सोनझरी नांवाची जमात पिढ्यान्‌पिढ्या हिंडत असे. आणि सुरजागडच्या डोंगरांत लोखंड आहे, ज्या डोंगरावर ठाकूरदेवाचें स्थान असून दरवर्षीं जानेवारींत यात्रा भरते.

लोखंडाची एक हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथील लोखंडाविषयींचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला. नागपुरास त्यांची एम्प्रेस गिरणी तेव्हां चालू होती. इकडे लोहाऱ्याचें लोखंड, तिकडे वरोऱ्याचा कोळसा. पोलादाचा कारखाना याच भागांत निघावा असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामीं परीक्षेस उतरला नाहीं आणि सरकारी अटीही जाचक होत्या. पुढें वीस वर्षांनीं दोराबजी टाटा हे वेल्ड नांवाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञासह पुन्हां याच जंगलांत हिंडले, आणि शेवटीं कारखाना उभा राहिला तो साकचीस, ज्यास आज जमशेदपूर म्हणतात. आमचे वडील ही गोष्ट अशा सुरांत सांगत कीं, जणूं ठरलेली सोयरीक मोडून वऱ्हाड दाराशीं येऊन परत गेलें. असो.

कोळसा व हिरा हीं एकाच कार्बनाचीं दोन रूपें. तो कार्बन, तें लोखंड आणि तें सोनें या एका भूमींत शेजारीं शेजारीं असलीं, तरी त्यांचीं जन्मस्थानें निरनिराळीं आहेत. तीं जन्मस्थानें ज्यांच्या साक्षीवरून हुडकून काढतां आलीं, ते साक्षीदार म्हणजे आकाशांतील कांहीं अतिवृद्ध तारे.

संस्कृत शिकलेल्या माणसास सोन्याचा विषय निघाला कीं ‘तर्कसंग्रह’ आठवतो. अन्नंभट्टानें सोन्याची गणना पृथ्वींत न करितां तेजांत केली आहे. खाणींतून निघणारें तें तेज. नैयायिकांची युक्ति अशी कीं, तुपासारखें पार्थिव द्रव्य अतिशय तापविलें तर त्याचा पातळपणा नष्ट होतो, सोन्याचा होत नाहीं. सबब सोनें पार्थिव नव्हे. आज कोणी उठून म्हणेल, पाहा, सोनें ताऱ्यांच्या तेजांतून जन्मलें हें आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें! मलाही हा मोह एकदां झाला होता व एका समारंभांत मी तसें बोलूनही गेलों. त्याची आतां लाज वाटते. नैयायिक वितळण्याविषयीं बोलत होता. ताऱ्यांविषयीं त्यानें अवाक्षर काढलेलें नाहीं. त्याच्या पदरांत नसलेलें श्रेय घालणें हा त्याचा सन्मान नव्हे. त्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे: द्रव्याचें कूळ त्याच्या वागणुकीवरून ठरवावें. ज्योतिर्विद तेंच करितात. त्यांचें साधन तेवढें निराळें.

तें साधन म्हणजे वर्णपट. भाताची पेज ऊतूं जाऊन शेगडीवर सांडली, कीं निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हें आमच्या भगिनींनीं नेहमीं पाहिलेलें असतें. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याची अशी ठराविक रंगांची मुद्रा असते, आणि ताऱ्याचा प्रकाश लोलकांतून पसरून पाहिला असतां त्याच मुद्रा काळ्या रेषांच्या रूपानें उमटलेल्या दिसतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं या विद्येचा मोठा प्रयोग आपल्याच देशांत झाला. लेफ्टनंट जॉन हर्शेल हे त्या दिवशीं पटवर्धनांच्या जमखिंडीस वर्णपटयंत्र लावून बसले होते. इतर निरीक्षक गुंटूर वगैरे ठिकाणीं होते. हेलियम या द्रव्याच्या शोधाचा आरंभ त्याच ग्रहणापासून झाला.

परंतु रेषा ठळक म्हणून द्रव्य पुष्कळ, असें अनुमान करतां येत नाहीं. रेषेचा ठळकपणा ताऱ्याच्या उष्णतामानावरही अवलंबून असतो. हें गणित १९२० सालीं मेघनाद साहांनीं बसवून दिलें. त्याच्या आधारें सिसिलिया पेन या विदुषीनें १९२५ सालीं दाखविलें कीं, तारे बहुतांशीं हायड्रोजनचे व त्याखालोखाल हेलियमचे असून, लोखंडादि द्रव्यें त्यांत भाजींतील मिठाहूनही कमी आहेत. साहांचें नांव आमच्या क्रमिक पुस्तकांत असे, पण त्यांनीं केलें काय, हें मला निवृत्त झाल्यावर कळलें.

आतां हीं चिमूटभर द्रव्यें आलीं कोठून? सुमारें १३.८ अब्ज वर्षांपूर्वीं, विश्वाच्या बाल्यावस्थेंत, हायड्रोजन, हेलियम आणि लिथियमचा अल्प अंश एवढींच काय तीं तयार झालीं. पुढचा बहुतेक स्वयंपाक ताऱ्यांच्या पोटांत झाला. हें मत मांडणारांत फ्रेड हॉइल हे अग्रणी. आपले डॉ. जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्यें त्यांचेच शिष्य. नारळीकरांनीं मराठी घरांत ज्योतिःशास्त्र आणून बसविलें. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले, तेव्हां आमच्याकडे घरचें वडील माणूस गेल्यासारखें झालें. हॉइल यांच्यापुढें अडचण होती ती कार्बनाची. हेलियमचे तीन गर्भ एकत्र येऊन कार्बन होणें इतकें दुर्घट, कीं हिशेबानें विश्वांत कार्बन जवळजवळ असूंच नये. १९५३ सालीं हॉइल यांनीं तर्क केला कीं, कार्बनाच्या अणुगर्भाची एक विशिष्ट उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत शोध घेतला, तों ती खरोखरच सांपडली. वैरागडचा हिरा आणि बल्लारपूरचा कोळसा यांच्या कुळाचा उलगडा तेथें झाला.

मोठ्या ताऱ्यांत याप्रमाणें ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन अशी चढती पाळी येत येत लोखंडापर्यंत पोंचते, आणि तेथें चूल विझते. लोखंडापर्यंतचे अणुगर्भ जुळवितांना ताऱ्यास उष्णतेचा लाभ होतो; त्यापुढचे जुळवावयास पदरचें घालावें लागतें. मग लोखंडाहून तिपटीनें जड असलेलें सोनें झालें कसें? याचें उत्तर १९५७ सालीं मार्गारेट व जेफ्री बर्बिज हें दांपत्य, विल्यम फाउलर व हॉइल या चौघांच्या एका प्रचंड निबंधांत आलें. न्यूट्रॉन या कणास विद्युद्भार नसतो, त्यामुळें तो अणुगर्भांत विनाअडथळा शिरतो. एखाद्या वृद्ध तांबड्या ताऱ्यांत हें काम सावकाश चालतें. एक न्यूट्रॉन शिरला कीं दुसरा येईपर्यंत वर्षें जातात व मधल्या काळांत गर्भ स्थिरस्थावर होतो. शिसें आणि बेरियम यांचा मोठा भाग असा झाला. दुसरी तऱ्हा शीघ्र ग्रहणाची: कोठें तरी असा कांहीं उत्पात व्हावा कीं, क्षणार्धांत डझनावारी न्यूट्रॉन गर्भांत कोंबले जावेत. सोनें, प्लॅटिनम, युरोपियम, युरेनियम हीं मुख्यत्वें या दुसऱ्या तऱ्हेचीं अपत्यें.

पहिल्या तऱ्हेचा पुरावा निबंधापूर्वींच मिळाला होता. १९५२ सालीं पॉल मेरिल यांस कांहीं तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटांत टेक्नेशियमच्या रेषा आढळल्या. या द्रव्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारें ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. ताऱ्याचें वय त्याच्या कैक पट. म्हणजे तें द्रव्य तेथेंच, ताजें ताजें तयार झालेलें. दुसऱ्या तऱ्हेच्या जागेचा मात्र पत्ता लागेना. येथें वृद्ध तारे साक्षीस आले.

वृद्ध ताराच कां, हें माझ्या विषयांतील उदाहरणानें सांगतों. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ पर्यंत पुरी केली. त्या पंडितांस ठाऊक होतें कीं, प्रत्येक लेखक पोथी उतरून घेतांना पदरचे दोन श्लोक घालतो. सबब मूळ पाठ पाहावयाचा तर ज्या पोथ्यांत भर कमी पडली त्यांचा शोध घ्यावा. ताऱ्यांचें तसेंच आहे. प्रत्येक पिढीचे तारे मरतांना आपलें द्रव्य भोंवतालच्या वायूंत मिसळतात व पुढची पिढी त्या वायूंतून जन्मते. आपला सूर्य हा उशिराचा, केवळ ४.६ अब्ज वर्षांचा; त्याच्या पोथींत अगणित हातांची भर पडलेली. उलट जे लहान तारे विश्वाच्या आरंभीं जन्मले आणि काटकसरीनें इंधन जाळून आजपर्यंत टिकले, त्यांच्या बाह्य आवरणांत जन्मवेळचा वायु बहुतांशीं जसाच्या तसा आहे. त्यांत एक-दोनच हातांचें अक्षर असतें, व म्हणून तें ओळखतां येतें.

असे दोन तारे तुळा राशींत आहेत, हा योग मोठा गमतीचा. सोन्याचा हिशेब तराजूंतच व्हावा! वैशाख-ज्येष्ठांत रात्रीं दहाच्या सुमारास विशाखेचे तारे दक्षिणेकडे चांगले वर आलेले असतात. त्यांतील उत्तरेकडील ताऱ्याच्या पूर्वेस थोड्या अंतरावर एच. डी. १४०२८३ हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांस तो दिसत नाहीं; साध्या द्विनेत्रीनें दिसतो. तो सुमारें २०० प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारींच आहे. १९५१ सालीं चेंबरलेन व ॲलर यांनीं याच्या व दुसऱ्या एका ताऱ्याच्या वर्णपटांत धातूंच्या रेषा विलक्षण क्षीण असल्याचें दाखविलें. सूर्याच्या मानानें यांतील लोखंड सुमारें अडीचशेवा हिस्सा आहे, आणि वय सुमारें १२ अब्ज वर्षें. सर्व तारे एकाच घडणीचे नसतात, हें येथून सिद्ध झालें.

अशा ताऱ्यांनीं आधीं लोखंडाविषयीं सांगितलें. त्यांत लोखंडाच्या मानानें मॅग्नेशियम व ऑक्सिजन जास्त आहेत. याचा अर्थ, मॅग्नेशियम देणारे मोठे तारे लवकर मेले. पण लोखंडाचा मोठा पुरवठा मागाहून आला. तो आला श्वेत बटूंच्या स्फोटांतून. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांनीं ज्यांच्या वजनाची मर्यादा १९३० च्या सुमारास गणितानें काढली, तेच हे विझलेले तारे. जोडीदाराचें द्रव्य ओढून ते फुटतात व त्यांतून पुष्कळ निकेल बाहेर पडतें; कांहीं महिन्यांत त्याचें कोबाल्ट व कोबाल्टाचें लोखंड होतें. सुरजागडच्या लोखंडाचा निम्म्याहून अधिक भाग असा जन्मला. उरलेला प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांत. मग तें पृथ्वीच्या घडणींत आलें, प्राचीन समुद्रांच्या पाण्यांत विरघळलें आणि अब्जावधि वर्षांपूर्वीं थराथरानें तळाशीं बसलें. त्या मुलाच्या ‘आन् पोटात?’ या प्रश्नाचें उत्तर हें होतें.

सोन्याची साक्ष याहून बारीक आहे. विशाखेच्या त्याच उत्तरेकडील ताऱ्यास लागून, मोठ्या दुर्बिणीनेंच दिसणारा एच. ई. १५२३-०९०१ नांवाचा तांबडा तारा आहे. यांत लोखंड सूर्याच्या सुमारें हजारावा हिस्सा. पण युरोपियमादि द्रव्यें त्या मानानें भरपूर, आणि थोरियम व युरेनियम दोन्ही. थोरियम निम्मा व्हावयास १४ अब्ज वर्षें लागतात व युरेनियमच्या दीर्घायुषी प्रकारास साडेचार अब्ज. तेव्हां दोहोंचें उरलेलें प्रमाण म्हणजे घड्याळच झालें. ॲना फ्रेबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं त्यावरून या ताऱ्याचें वय १३.२ अब्ज वर्षें ठरविलें. दुसऱ्या एका जुन्या ताऱ्यांत, एच. डी. २२२९२५ मध्यें, २०२२ सालीं ६५ मूलद्रव्यें ओळखलीं गेलीं. त्यांत खुद्द सोनेंही आहे. विशेष असें कीं, बेरियमपासून पुढच्या जड द्रव्यांचें परस्परांशीं प्रमाण या जुन्या ताऱ्यांत जवळजवळ एकसारखें आहे आणि सूर्यांतील शीघ्र ग्रहणाच्या वाट्याशीं जुळतें. ठिकठिकाणचे हे तारे, पण अक्षर एकाच वळणाचें. म्हणजे हा उत्पात केव्हांही आणि कोठेंही झाला तरी बहुतेक एकाच रीतीनें होतो, आणि विश्वाच्या अगदीं पहांटेसही तो होत होता.

तो वारंवार होतो कीं क्वचित्? दक्षिणेकडील जालक तारकासमूहांत एक चिमुकली, फार प्राचीन आकाशगंगा आहे. तिच्यांतील नऊ तारे तपासले, त्यांत सात या द्रव्यांनीं भरलेले निघाले. हा शोध २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. तिच्यासारख्या इतर चिमुकल्या आकाशगंगांत मात्र त्यांचा मागमूसही क्वचितच. नित्य घडणाऱ्या गोष्टीचें फळ सर्वांच्या वाट्यास थोडें थोडें आलें असतें. येथें एकाच घरीं घबाड आणि आळी कोरडी. म्हणजे प्रसंग विरळा, पण एकदां घडला कीं अपरंपार द्रव्य देणारा.

आम्ही शाळेंत शिकवीत आलों कीं, मोठा तारा फुटतो तेव्हां सोनें होतें. तसे स्फोट तर प्रत्येक आकाशगंगेंत होत राहतात. हा पुरावा त्या मताविरुद्ध गेला. आणि पुढच्याच वर्षीं, १७ ऑगस्ट २०१७ रोजीं, अमेरिका व इटली येथील यंत्रांस दोन न्यूट्रॉन तारे परस्परांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी लागल्या. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून अधिक वजन वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यांत कोंबलेलें. ही टक्कर १३ कोटि प्रकाशवर्षांवर, वासुकी तारकासमूहांतील एका आकाशगंगेंत झालेली. पुढील कित्येक दिवस जगांतील दुर्बिणी तिकडे लागल्या; नारायणगांवाजवळ खोडद येथील आपली रेडिओ दुर्बीणही त्यांत होती. टकरीचा उजेड ज्या रीतीनें तांबडा होत मावळला, त्यावरून पृथ्वीच्या हजारों पट वजनाचें जड द्रव्य उधळलें गेल्याचा हिशेब निघाला, आणि २०१९ सालीं त्या उजेडांत स्ट्रॉन्शियमची मुद्रा ओळखली गेली.

तरीही खटला निकालांत निघालेला नाहीं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोंवतीं फिरत फिरत जवळ येऊन आदळण्यास बहुधा फार दीर्घ काळ जातो. मग विश्वाच्या बाल्यांतच जन्मलेल्या ताऱ्यांत हीं द्रव्यें इतक्या लवकर कशीं आलीं? कदाचित् कांहीं जोड्या लवकर आदळत असतील, कदाचित् दुसरीही एखादी जागा असेल. डिसेंबर २००४ मध्यें एका प्रखर चुंबकी ताऱ्याचा भडका नोंदला गेला होता. त्याच्या जुन्या नोंदी २०२५ सालीं पुन्हां तपासल्या, तेव्हां त्यांतही अशीं द्रव्यें बनल्याची खूण मिळाली. आपल्या आकाशगंगेंतील या जड द्रव्यांपैकीं शेंकडा १ ते १० भाग अशा भडक्यांचा असावा, असा अंदाज आहे. एक खूण मिळाली म्हणून दुसरी खोटी ठरत नाहीं. सोन्यास एकाहून अधिक माहेरें असूं शकतील. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची लहरशोधक वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्र सरकारनें तिला एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली. ती चालू झाली म्हणजे टकरीची नेमकी जागा पुष्कळ अचूक सांगतां येईल.

गेल्या वैशाखांत, वद्य पक्षीं, एका लग्नानिमित्त एटापल्लीस जाणें झालें. मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसलों असतां अर्धे केस पिकलेला एक मनुष्य येऊन पायां पडला. "वळखलं का जी, गुरुजी?" मीं ओळखलें नाहीं, त्यानें शाळेचें नांव सांगितलें तेव्हां ओळख पटली. तो आतां सुरजागडाकडील खनिजाच्या वाहतुकीवर काम करतो. मीं त्यास म्हटलें, "तुझ्या एका प्रश्नाचें उत्तर देणें राहिलें आहे." त्यास प्रश्न आठवत नव्हता. मीं आठवण करून दिली, विशाखेचे तारे दाखविले आणि सोप्या शब्दांत वरील सर्व सांगितलें. रस्त्यावरून खनिजानें भरलेले ट्रक एकामागून एक जात होते. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग विचारलें, "आन् हा डोंगर सरला, मंग लोहा पुन्हा बनल का जी?"

मीं म्हटलें, "बनेल, पण तिकडे वर. येथें नाहीं."

"किती वर्षं लागल जी?"

मीं अब्जाचा आंकडा सांगितला. तो बोटांवर शून्यें मोजीत होता, इतक्यांत वरातीच्या कामासाठीं त्यास आंतून हांक आली आणि तो उठून गेला.